पोचल्यावर कळव

आमच्या शेजारच्या काकू रोज सकाळी सहाच्या ठोक्याला चाळीस जणांना फूल पाठवतात. फूल म्हणजे अर्थातच मोबाइलमधलं. कधी गुलाब, कधी कमळ. गुरुवारी दत्त, चतुर्थीला गणपती. खाली ठसठशीत अक्षरांत ‘शुभ सकाळ’ आणि त्याच्याही खाली एखादं वाक्य. नातं पतंगाच्या दोऱ्यासारखं असतं, माणसानं समईसारखं तेवत राहावं, असलं काहीतरी. काकूंचं वय त्र्याहत्तर. एक मुलगा पुण्याला, दुसरा कॅनडात. काका जाऊन सहा वर्षं झाली.

आता सांगायला लाज वाटते, पण मी काकूंना ‘म्यूट’ करून ठेवलं होतं. म्हणजे फुलं यायची, पण फोन वाजायचा नाही. महिन्यातून एकदा फोन भरला, की टीव्हीसमोर बसून मेथी निवडावी तशी ती सगळी फुलं निवडायची आणि पुसून टाकायची.

गेल्या श्रावणातली गोष्ट. मंगळवार होता. सकाळचे पावणेआठ, गॅसवर पोळी, समोर दोन डबे उघडे, आणि अनोळखी नंबरवरून फोन. एरवी मी उचललाही नसता.

‘‘तुम्ही तिच्या शेजारच्या ना? मी बार्शीहून बोलतेय. तिची शाळेतली मैत्रीण. आज तिचं फूल आलं नाही हो.’’

मला आधी काही उमजेचना. फूल? कसलं फूल? बाई बिचाऱ्या घाबऱ्याघुबऱ्या बोलत होत्या. ‘‘सहापासून वाट बघतेय. फोन केला तर उचलत नाही. तिनं तुमचा नंबर देऊन ठेवलाय, काही लागलं तर असू दे म्हणून. जरा डोकावता का?’’

पोळी तव्यावर तशीच टाकून गेले. काकूंच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी लटकत होती. आतून कडी. हाका मारल्या तर आतून बारीक आवाज आला. शेवटी समोरच्यांचा मुलगा मागच्या भिंतीवरून उतरला आणि त्यानं दार उघडलं. काकू मोरीच्या दाराशी पडलेल्या. पहाटे पाचला उठल्या, पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. पावणेतीन तास त्या तिथं ओल्या फरशीवर पडून होत्या. फोन आत, उशीपाशी.

पुढचं सगळं नीट झालं. शस्त्रक्रिया झाली, खुब्यात सळी बसवली, आता त्या वॉकर घेऊन घरात फिरतात. पण मैत्रिणींनो, माझ्या डोक्यातून एक आकडा जात नाही. चाळीस. चाळीस फोनांवर त्या दिवशी फूल आलं नाही, आणि ते एकोणचाळीस जणांना कळलंच नाही. पुण्याचा मुलगा दुपारी धावत आला, तो दवाखान्याच्या पायरीवर बसून एवढंच म्हणाला, ‘‘मावशी, मी आईचे मेसेज उघडतच नव्हतो.’’ त्याला मी काय बोलणार? मी तर भिंतीपलीकडची.

नंतर बार्शीच्या त्या आजींशी निवांत बोलणं झालं. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. काकूंनी पाठवलेला सुविचार त्या एकदाही वाचत नाहीत. ‘‘ते बारीक बारीक कोण वाचतंय! रंग दिसला की कळतं, उठली बया.’’ मग त्या उलट दोन हात जोडलेलं चित्र पाठवतात. ते दिसलं, की काकूंना कळतं, बार्शीवाली पण उठली. चार वर्षं हा हजेरीपट चालू आहे. दोघींमध्ये त्याबद्दल कधी बोलणं झालेलं नाही, ठरलेलं तर नाहीच नाही.

मी याच सदरातून एकदा या ‘शुभ सकाळ’वाल्यांची यथेच्छ टिंगल केली होती. तेव्हा साधनसामग्रीही भरपूर होती हाताशी. २०१८च्या जानेवारीत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या अमेरिकी दैनिकानं बातमी दिली होती, की भारतातले फोन सारखे का भरतात आणि अडकतात याचा माग गूगलच्या लोकांनी काढला, तेव्हा त्यांना आत शुभ सकाळच्या चित्रांचे ढीगच्या ढीग सापडले. सूर्य, बाळं, फुलं, पाखरं. ही चित्रं हुडकून एकदम पुसता येतील अशी सोयही मग त्यांनी आपल्या एका अॅपमध्ये केली. आणि त्याच्या आधीच्या ३१ डिसेंबरला, म्हणजे २०१७च्या शेवटच्या दिवशी, भारतातून वीस अब्जांहून जास्त संदेश गेल्याचं व्हॉट्सअॅपनंच सांगितलं होतं. वीस अब्ज म्हणजे दोन हजार कोटी हो! एवढे आकडे हातात आल्यावर टिंगल करायला किती वेळ लागतो?

पण तयार मजकूर पाठवायची सवय काही मोबाइलनं लावलेली नाही. तार आठवते? २०१३च्या जुलैत आपल्याकडची तारसेवा कायमची बंद झाली. त्या तारेत शुभेच्छांची वाक्यं आधीपासून ठरवून ठेवलेली असायची आणि प्रत्येकाला क्रमांक. तुम्ही पोस्टात जाऊन क्रमांक सांगायचा, तिकडे लग्नघरी पूर्ण वाक्य उमटायचं. नवरानवरी जेवायला बसली की कुणीतरी मामा उभे राहून त्या तारा मोठ्यानं वाचायचे. सगळ्या सारख्याच! तरी सगळे कान देऊन ऐकायचे, कारण कान मजकुराकडे नसायचेच, ते शेवटच्या नावाकडे असायचे. नागपूरच्या आत्यानं आठवण ठेवली का, मुंबईच्या साहेबांनी तार केली का.

पत्रांचं तरी काय वेगळं होतं? ‘इकडील सर्व मंडळी खुशाल आहेत. तुमची खुशाली कळवावी.’ माझ्या आजीच्या ट्रंकेत असली पन्नास-साठ पोस्टकार्डं होती, पहिल्या तीन ओळी सगळ्यांवर त्याच. आणि ‘हा मेसेज अकरा जणांना पाठवा’ म्हणून आपण ज्यावर चिडतो, तोही नवा नव्हे. संतोषीमातेची कार्डं ज्यांनी हातानं लिहून लिहून पोस्टात टाकली, त्या बायका अजून आपल्यात आहेत. न पाठवलं तर काय होईल या भीतीनं बोटं दुखेस्तोवर लिहिलंय त्यांनी. आता निदान बोटं तरी दुखत नाहीत.

बोलण्यातसुद्धा आपण हेच करतो की. हातात पिशवी घेऊन चाललेल्या बाईला आपण विचारतो, ‘‘काय, बाजारात वाटतं?’’ ती दिसतेय की बाजारात चाललेली! अंगण झाडणारीला म्हणायचं, ‘‘झाडताय का?’’ दुपारी दोनला कुणी भेटलं तर, ‘‘जेवण झालं?’’ मॅलिनोव्स्की नावाच्या एका मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ साली असल्या बोलण्याकडे लक्ष वेधलं होतं. काही माहिती द्यावी म्हणून हे बोलणं नसतंच, माणसं एकमेकांना बांधलेली राहावीत म्हणून असतं, असं त्याचं म्हणणं. आपल्या आळीतल्या कुठल्याही बाईनं त्याला हे फुकटात सांगितलं असतं. शेजारीण सलग दोन दिवस ‘जेवण झालं का’ म्हणाली नाही, तर आपण घरी येऊन विचार करतो ना, काय बिनसलं म्हणून?

आणि मिस कॉल? २००३ साली येणारे फोन फुकट झाले आणि आपल्यासारख्या घरांत मोबाइल आला. करायचा फोन मात्र अजून महागच होता. त्यामुळे ‘‘पोचल्यावर मिस कॉल दे’’ हे प्रत्येक आईचं वाक्य झालं. मुलगी एसटीनं कॉलेजच्या गावाला जायची. इकडे आई घड्याळाकडे बघत बसायची. एकदा वाजला आणि कट झाला, की सुटकेचा श्वास. आमच्याकडे तर पद्धत ठरलेली होती. एकदा वाजला तर पोचले, दोनदा वाजला तर स्टँडवर घ्यायला या. ना त्याला एक पैसा पडत होता ना त्यात एक अक्षर होतं. माझ्या आयुष्यातला त्याहून महत्त्वाचा निरोप मला तरी आठवत नाही.

म्हणून ‘फुकट झालं आणि किंमत गेली’ असं जे सारखं म्हटलं जातं, ते मला आता तितकंसं पटत नाही. मिस कॉल फुकटच होता. पण तो एकीनं एकीसाठी दिलेला असायचा आणि पलीकडे कुणीतरी त्याची वाट बघत असायचं. आजचा मेसेज हातात घेऊन मी हेच दोन प्रश्न विचारायला लागलेय. हा माझ्यासाठी आलाय का? आणि उद्या आला नाही तर मला कळेल का?

या दोन प्रश्नांपुढे आपल्या फोनमधलं बरंचसं टिकत नाही, हेही खरंच.

माझी एक मैत्रीण आहे, कॉलेजपासूनची. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर तिनं दोन ओळी टाकल्या. तासाभरात एकसष्ट जणांनी हात जोडले. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’, तेच पुन्हा तेच. त्या एकसष्टात मीही होते. मध्येच एकीनं दुसऱ्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक टाकला, त्याखाली फुगे, त्याखाली पुन्हा श्रद्धांजली. नंतर काही महिन्यांनी भेटलो तेव्हा ती म्हणाली, ‘‘त्या दिवशी फोन इतका वाजत होता ना, की मी तो कपाटात टाकला. आणि बोलायला एक माणूस नव्हतं.’’ तिच्या गल्लीतली एक बाई, जिच्याकडे स्मार्टफोनही नाही, ती न बोलता पिठलं-भाताचं पातेलं घेऊन आली होती. त्या बाईचं नाव तिला आयुष्यभर लक्षात राहील. एकसष्टातल्या कुणाचं राहिलं असेल असं वाटत नाही.

हात जोडलेलं चित्र टाकलं, की आपल्याला वाटतं, झालं आपलं काम. पूर्वी पत्र लिहायचं राहून गेलं तर निदान मनाला टोचणी तरी असायची. आता अंगठ्याच्या एका दाबानं ती टोचणीच निघून जाते, आणि मग जायचं राहतं ते राहतंच.

यात एक बायकांचा म्हणून वेगळा जाच आहे, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. घरातलं शुभेच्छांचं खातं कुणाकडे असतं? सासरच्या ग्रुपवर मामेसासऱ्यांच्या लग्नाचा वाढदिवस, चुलत नणंदेच्या मुलाचे दहावीचे मार्क, जावेच्या घरची वास्तुशांत, सगळ्यांना वेळेवर फूल गेलं पाहिजे. नवरा त्याच ग्रुपवर असतो. तो सहा महिने काही बोलला नाही तरी ‘कामात असतो हो तो’. सुनेचं एक अभिनंदन चुकलं, की ‘हल्ली तिला वेळ नसतो’. २०१४च्या नोव्हेंबरात त्या निळ्या खुणा आल्या, तेव्हापासून तर ‘बघितलं नाही’ म्हणायची सोयही उरली नाही. (त्या खुणा बंद करता येतात. पण त्या बंद केल्या तर ‘काय लपवतेय’ म्हणून आणखी एक विषय!) रात्री अकराला ‘ऑनलाइन’ दिसलीस, कुणाशी बोलत होतीस, या एका प्रश्नावरून किती घरांत ताटं वाजली असतील, ते तुम्ही जाणता.

आणि फोन तरी तिचा आहे का? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५४ टक्के बायकांनी सांगितलं, की स्वतः वापरतो असा मोबाइल आपल्याकडे आहे. म्हणजे जवळजवळ निम्म्यांकडे तो नव्हता. आजही कित्येक घरी मेसेज बाईच्या नावानं येतो आणि आधी दुसरंच कुणीतरी वाचतं.

अशाच एका घरातली बाई मला भेटली होती. गाव, नातं काहीच सांगत नाही. नवरा रोज रात्री फोन मागून घेतो आणि सगळं वाचतो. तिची धाकटी बहीण दुसऱ्या जिल्ह्यात. दोघींचं रोजचं बोलणं म्हणजे भाजी. आज काय केलंस, कोबी. आज काय, मुगाची उसळ. नवऱ्याला हसू येतं, बायकांना दुसरे विषय नाहीत म्हणून. त्याला ठाऊक नाही की यादीतली एक भाजी त्या घरात कधीच होत नाही. ती ज्या दिवशी मोठीच्या मेसेजात येते, त्या दिवशी धाकटी कुठलं तरी निमित्त काढून शेजारणीच्या फोनवर फोन करते. आणि एकदा तर दुपारच्या गाडीनं उठून थेट आलीच होती. कोणती भाजी ते मी विचारलं नाही, विचारलं असतं तरी इथं लिहिलं नसतं. पण तेव्हापासून कुणी ‘बायका आपल्या फोनवर दिवसभर फालतू बडबड करतात’ असं म्हणालं, की मी गप्प बसून राहते. त्या बडबडीच्या आत काय आहे, ते तिसऱ्याला काय कळणार?

उलट बाजूही विसरून चालणार नाही. कुणी कुणाला उद्देशून न लिहिलेला, कुठून आला ते ठाऊक नसलेला, नुसता पुढे ढकललेला मजकूर काय करू शकतो, हे आपल्याच राज्यानं बघितलंय. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं, भिक्षा मागत फिरणारी. ‘मुलं पळवणारी टोळी आलीय’ अशा अफवा तेव्हा या फोनवरून त्या फोनवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि २०२०च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या काळात, फार वेळा फिरून आलेल्या मजकुरासाठी ती एकावर आणली. असल्या मेसेजावर दुहेरी बाणाची खूण असते. ‘काळजी घ्या गं, मुलांना बाहेर सोडू नका’ म्हणून तो आपण मायेनंच पुढे पाठवतो, हीच तर अडचण आहे. माया खरी असते. मजकूर कुणाचा, ते मात्र आपण बघत नाही.

मी काही फोन टाकून दिलेला नाही, तसा सल्लाही देणार नाही. मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर ‘उद्या पांढरा शर्ट’ हे रात्री साडेनऊलाच कळतं, बचत गटाच्या बैठकीची वेळ तिथंच बदलते, आणि गॅसची गाडी आली की आळीत पहिली बातमी तिथंच लागते. ते सगळं चालूच राहणार. ग्रुपवर हात जोडणं मात्र मी बंद केलंय. कुणाचं काही कळलं, तर त्याच दिवशी फोन करायचा, जमलं तर जायचं, आणि दोन्ही जमणार नसेल तर त्या माणसाला वेगळ्यानं, त्याच्या आईचं किंवा वडिलांचं एखादं आठवलेलं सांगणाऱ्या चार ओळी लिहायच्या. मध्ये एका जुन्या शेजाऱ्यांच्या मुलीला मी लिहिलं, की तुझ्या आईनं मला लिंबाचं उपासाचं लोणचं शिकवलं होतं आणि मी अजून त्यात तिच्यासारखं जिरं घालते. तिनं रात्री फोन केला. आम्ही पाऊण तास बोललो. त्यातली चाळीस मिनिटं लोणच्यावर.

काकू घरी आल्या त्याला आता बरेच दिवस झाले. आल्यावर पहिले काही दिवस फुलं आली नाहीत. मी विचारलं, तर ओशाळल्यासारख्या झाल्या. ‘‘त्रास होत असेल गं तुम्हाला सगळ्यांना. मुलानं सांगितलं, नुसता फोन भरतो म्हणून. आता फक्त बार्शीला पाठवते.’’

मी म्हटलं, ‘‘मला पाठवा.’’

दुसऱ्या दिवशी सहाला फोन वाजला. आता तो वाजतो. पिवळं शेवंतीचं फूल होतं, खाली सुविचार होता, तो मी या वेळी वाचलाही. मग उलट फूल न पाठवता लिहिलं, ‘चहा झाला का?’ बराच वेळ काकू टाइप करत होत्या. वर ते दिसतं ना, दिसत होतं, थांबत होतं, पुन्हा दिसत होतं. चष्मा शोधत असतील.

उत्तर आलं. ‘हो. आज नुसताच केला. आलं संपलंय.’

मी उठले, फ्रिजमधला आल्याचा तुकडा घेतला आणि चपला घातल्या.